तिला कुणी विचारलेच नाही

१९८० साली अमेरिकेत शिरगणती झाली. तिच्या छापील प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता : आपण कधी सैन्यात नोकरी केली आहे काय? प्रश्न जुनाच होता. पण पूर्वी तो फक्त पुरुषांना विचारला जाई. १९८० साली तो पहिल्यांदाच स्त्रियांनाही विचारण्यात आला, आणि सुमारे १२ लाख स्त्रियांनी ‘होय’ असे उत्तर दिले.

सरकारी अधिकाऱ्यांना या आकड्याचे नवल वाटले. वास्तविक नवल वाटावे असे त्यात काही नव्हते. दुसऱ्या महायुद्धात सुमारे साडेतीन लाख अमेरिकन स्त्रियांनी गणवेष चढवला होता. त्यांनी जखमींची शुश्रूषा केली, बिनतारी यंत्रे सांभाळली, मालमोटारी हाकल्या. १,०७४ जणींनी तर लष्करी विमाने चालवली. या वैमानिक पथकातील ३८ जणींना त्या कामी प्राण गमवावे लागले. तरीही त्या ‘सैनिक’ होत्या हे सरकारने मान्य केले ते १९७७ साली, म्हणजे युद्ध संपून ३२ वर्षे लोटल्यावर! युद्ध संपले, गणवेष पेटीच्या तळाशी गेला, बायका संसाराला लागल्या. त्यांना कुणी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

या न विचारण्याची मोठी किंमत काही जणींनी मोजली. ती दारूच्या आणि गुंगीच्या औषधांच्या रूपाने. आज अमेरिकेत माजी सैनिक स्त्रियांची संख्या सुमारे २० लाख आहे. माजी सैनिकांत दर दहा जणांमागे एक किंवा किंचित अधिक. यांतल्या ज्या व्यसनाच्या आहारी गेल्या त्यांना पुरुषांहून काही निराळे उपचार लागतात, ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानी यायला अनेक दशके जावी लागली. ती का जावी लागली, हे ‘असले’ विषय घरात न काढणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनीही समजून घेण्याजोगे आहे.

प्लेकूहून परत

व्हिएतनामच्या युद्धात सुमारे ११ हजार अमेरिकन स्त्रियांनी प्रत्यक्ष त्या देशात काम केले. त्यांतल्या दहांपैकी नऊ जणी परिचारिका होत्या. पुष्कळशा नुकत्याच शिक्षण संपवून आलेल्या, विशीतल्या मुली. लिंडा व्हॅन डेव्हान्टर ही त्यांतलीच एक. १९६९ च्या जून महिन्यात ती व्हिएतनाममध्ये उतरली तेव्हा बावीस वर्षांची होती. प्लेकू येथील लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी तिने त्या वर्षातला बराच काळ काढला. हेलिकॉप्टरमधून जखमी पोरे येत, आणि त्यांतला कोण वाचण्याजोगा व कोण नाही याची निवड तिथल्या तिथे करावी लागे. तिच्याच वयाची पोरे होती ती.

वर्षाने ती मायदेशी परतली. रात्री झोप लागेना, दिवसा रडू आवरेना. नोकऱ्या सुटल्या, लग्न मोडले, आणि दारू हा आधार होऊन बसला. याच काळात माजी सैनिकांनी युद्धाविरुद्ध काढलेल्या एका मोर्च्यात सामील व्हायला ती गेली. तिथल्या एका कार्यकर्त्याने तिला बाजूला व्हायला सांगितले. मोर्चा सैनिकांचा आहे. त्यात बाई दिसली तर संख्या फुगवण्यासाठी बाहेरची माणसे आणली असे लोकांना वाटेल, असे त्याचे म्हणणे! हे सारे तिने पुढे १९८३ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिले.

हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. पण व्यसनाच्या दृष्टीने तो फार बोलका आहे. पुरुष सैनिक परत येतो, तेव्हा त्याचे दुःख बोलायला नाही तरी निदान एकत्र बसून गिळायला चार सोबती असतात. माजी सैनिकांचे क्लब असतात. जिचे सैनिकपणच कुणाला मान्य नाही, तिने कुठे बसावे? ती घरात बसते, दार लावून. आणि दार लावून घेतलेला पेला कुणाला दिसत नाही.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने भीषण आघातानंतर मनात ठाण मांडून बसणाऱ्या ताणविकाराला अधिकृत आजार म्हणून मान्यता दिली. तरी सुरुवातीला डोळ्यांसमोर येई तो रणांगणावरचा पुरुषच. बंदूक हाती न घेतलेल्या परिचारिकेलाही हाच आजार जडतो, हे समाजाच्या गळी उतरवण्यात लिंडा व्हॅन डेव्हान्टर आणि तिच्या सहकारी स्त्रियांचा वाटा मोठा आहे. व्हिएतनाममधील माजी सैनिकांच्या संघटनेत स्त्रियांसाठीचा खास विभाग तिने चालवला. २००२ साली ती वारली.

बायकांना उद्देशून

आता व्यसनमुक्तीच्या बाजूकडे वळू. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संस्था १९३५ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. तिने जगभर लक्षावधी माणसांना दारूच्या विळख्यातून सोडवले, याबद्दल दुमत नाही. पण १९३९ साली निघालेले तिचे मूळ पुस्तक उघडून पाहावे. त्यात बायकांना उद्देशून एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते आहे दारुड्यांच्या बायकांसाठी! दारू पिणारा तो नवरा, सोसणारी ती पत्नी, ही विभागणी इतकी गृहीत होती की, बायकांच्या तोंडी घातलेले ते प्रकरणही एका पुरुषानेच लिहिले. आणि त्याच सुमारास मार्टी मान नावाची स्त्री स्वतः दारू सोडण्यासाठी या संस्थेच्या दारात उभी होती. ती बरी झाली आणि १९४४ पासून दारूबाजी हा आजार आहे, हे सांगत देशभर हिंडली.

तिच्यानंतर १९७५ च्या सुमारास जीन कर्कपॅट्रिक या विदुषीने ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही केवळ स्त्रियांसाठी संस्था काढली. तिचा मुद्दा विचार करण्यासारखा होता. जुन्या पद्धतीत पहिली पायरी ही की, माणसाने आपण दारूपुढे हतबल आहोत हे कबूल करावे, अहंकार सोडावा. ज्याने आयुष्यभर घरादारावर हुकमत गाजवली त्याला हा उतारा उत्तम आहे. पण जिला आयुष्यभर हतबलतेचाच अनुभव आला, जिचे मन अपराधाच्या भावनेने आधीच पिचलेले आहे, तिला आणखी नमायला सांगून काय साधणार? तिला मान वर करायला शिकवले पाहिजे. औषध तेच, पण रोग्याची प्रकृती पाहून मात्रा बदलायची, हे तर आपल्याकडचे वैद्यही सांगत आले.

१९७८ साली माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी दारू आणि वेदनाशामक गोळ्या यांच्या आहारी गेल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि देशाला धक्का बसला. १९८२ साली कॅलिफोर्नियात त्यांच्या नावाने जे उपचारकेंद्र उघडले, त्यातील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या होत्या. प्रतिष्ठित घरातली बाईसुद्धा या आजारातून सुटत नाही आणि लाज बाजूला ठेवली तर बरीही होते, हे दोन्ही धडे समाजाला एकदमच मिळाले.

एका गुणाचा फरक

यात निव्वळ मनाचाच भाग आहे असे नाही. पुरुष आणि स्त्री यांनी सारखीच दारू घेतली, तरी स्त्रीच्या रक्तात मद्याचे प्रमाण अधिक चढते. तिच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो, आणि जठरातच मद्याचे विघटन सुरू करणारे द्रव्यही सामान्यतः कमी. त्यामुळे यकृताची हानी लवकर होते. उपचारासाठी येणाऱ्या स्त्रियांत डॉक्टरांना आणखी एक गोष्ट आढळली. पहिल्या पेल्यापासून आजारापर्यंतचा रस्ता पुरुषाला जितकी वर्षे लागतात त्याहून थोड्या वर्षांत त्या चालून जातात. दुर्बिणीची नळी मिटून आखूड व्हावी तसा हा प्रकार. म्हणून त्याला नावही ‘टेलिस्कोपिंग’ असेच पडले.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या दवाखान्यांत रुग्णांना दरवर्षी दारूविषयी तीन प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. किती वेळा घेता, एका वेळी किती घेता, आणि एका बैठकीत सहा किंवा अधिक पेले घेण्याचे प्रसंग कितीदा येतात. उत्तरांना बारापैकी गुण देतात. पुरुषाला चार गुण मिळाले की डॉक्टर सावध होतो, स्त्रीला तीन. फरक फक्त एका गुणाचा. पण स्त्री ही लहान मापाचा पुरुष नव्हे, एवढे शहाणपण त्या एका गुणात साठले आहे.

मापाचीच गोष्ट निघाली म्हणून चिलखताचे उदाहरण देतो. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत बायका ट्रकांच्या ताफ्यांबरोबर, गस्तीवर, वैद्यकीय पथकांत काम करीत होत्या. पण स्त्रीच्या बांध्याचे चिलखत अमेरिकन सेनेने वाटायला घेतले ते २०१३ च्या सुमारास. तोवर त्या पुरुषांसाठी बेतलेली चिलखते चढवून वावरत. खांद्यावर आणि कमरेवर न बसणारा तो भार, पाठीवरची जड पिशवी, आणि त्यातून जडलेले पाठीचे, कमरेचे, गुडघ्यांचे दुखणे. या दुखण्यावर त्या काळी सढळ हाताने दिल्या जाणाऱ्या अफूच्या जातीच्या गोळ्या. व्यसन नेहमी मौजेतून येते अशी आपली समजूत असते. इथे ते डॉक्टरच्या चिठ्ठीतून आले.

‘आपले यजमान कुठे आहेत?’

यापेक्षाही कठीण असा एक भाग आहे, आणि तो टाळून हा विषय पुरा होणार नाही. १९९१ साली लास व्हेगास येथे नौदलाच्या वैमानिकांचे एक संमेलन भरले असता तिथे स्त्री-अधिकाऱ्यांवर हात टाकण्याचे प्रकार घडले आणि देशभर खळबळ उडाली. त्यानंतर १९९२ साली कायदा होऊन, सैन्यात असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना सल्ला व उपचार देण्याची जबाबदारी माजी सैनिक खात्यावर आली. पुढे खात्याने प्रत्येक रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, याविषयी विचारण्यास सुरुवात केली. उत्तरे ऐकून कुणालाही सुन्न व्हावे. सुमारे तिघींत एक ‘होय’ म्हणते. पुरुषांतही पन्नासांत एकजण ‘होय’ म्हणतो.

शत्रूच्या गोळीने झालेली जखम अभिमानाने दाखवता येते. आपल्याच पलटणीतल्या सहकाऱ्याने वा वरिष्ठाने केलेली जखम कुणाला दाखवणार? ज्याच्याकडे तक्रार करायची तोच कधी त्याचा मित्र असतो. रात्री झोप हवी म्हणून एक पेला, आठवण बुजावी म्हणून दुसरा, असे ते सुरू होते.

आता अशी एखादी स्त्री धीर करून व्यसनमुक्तीच्या वर्गाला गेली अशी कल्पना करा. खोलीत वीस पुरुष, सगळे सैनिक; आणि ही एकटी. तिने काय बोलावे? ज्या आवाजांची आणि ज्या गणवेषाची धास्ती म्हणून ती पिते, त्यांच्यातच बसून तिने मन मोकळे करायचे! माजी सैनिकांच्या रुग्णालयांत बायकांना ‘आपले यजमान कुठे आहेत?’ असे विचारले जाण्याचा अनुभव तर नित्याचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, या रुग्णालयांच्या आवारात पुरुष रुग्णांकडून शेरेबाजी किंवा छळ सोसावा लागल्याचे चौघींपैकी एकीने सांगितले. दारातच हे घडत असेल तर आत कोण येईल?

आणि मुलांचे काय करायचे? नवरा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला की घर बायको सांभाळते. तीच त्याला घेऊन येते, तीच डबा आणते. बायको दाखल झाली तर घर कोण सांभाळणार? शिवाय तिथे एक निराळी धास्ती असते. आई व्यसनी आहे असे कागदावर आले की, न्यायालय मुलांचा ताबा काढून घेईल. म्हणून ती येतच नाही. उपचाराच्या वेळी मुले सांभाळण्याची सोय माजी सैनिक खात्याने प्रायोगिक रीतीने सुरू केली ती २०१० च्या कायद्यानंतर. पाळणाघर हेही औषधच आहे, हे कळायला इतका काळ गेला.

दोन आजार, एक उपचार

पूर्वीची रीत अशी होती की, आघाताने आजारी झालेली आणि दारूही पिणारी स्त्री मनोविकाराच्या डॉक्टरकडे गेली की तो म्हणे, आधी दारू सोडून या. व्यसनमुक्तीवाले म्हणत, ते जुने दुःख नंतर पाहू, आधी सहा महिने कोरडे राहा. पण दारू हे तर त्या दुःखावरचे तिचे औषध! ते काढून घेतले की दुःख उसळणार, आणि दुःख उसळले की पुन्हा बाटली. दोन्ही दारांतून ती परत फिरे.

बोस्टनच्या मनोवैज्ञानिक लिसा नजाविट्स यांनी १९९० नंतरच्या दशकात यावर एक तोडगा बसवला आणि २००२ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. ‘सुरक्षिततेचा शोध’ असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. दोन्ही आजार एकदम हाती घ्यायचे. पण भूतकाळ उकरायचा नाही. आधी आज सुरक्षित कसे राहायचे ते शिकायचे. त्यासाठी पंचवीस विषय आहेत : मदत कशी मागावी, नाही कसे म्हणावे, कोणत्या माणसांपासून दूर राहावे, स्वतःची आबाळ कशी थांबवावी, रागाचे काय करावे. आठवणींचा लोंढा आला तर पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे आणि खोलीतल्या वस्तूंची एकेक करून नावे घ्यायची, म्हणजे मन ‘तेव्हा’तून ‘आता’त येते. वाचताना हे पोरकट वाटेल. बुडत्याला पोहण्याची शैली शिकवायची नसते, आधी त्याचे डोके पाण्याबाहेर ठेवायचे असते. ही पद्धत प्रथम स्त्रियांच्याच गटांत आकाराला आली आणि पुढे माजी सैनिक खात्याच्या पुष्कळ दवाखान्यांत पोचली.

तिचा गुण किती येतो? इथे अतिशयोक्ती टाळावी हे बरे. २००९ साली ३५३ स्त्रियांवर केलेला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना ही पद्धत आणि उरलेल्यांना स्त्रियांच्या आरोग्याविषयी सामान्य माहिती देणारे वर्ग, अशी वाटणी होती. आघाताची लक्षणे दोन्ही गटांत स्पष्ट कमी झाली; पण एक गट दुसऱ्यापेक्षा फारसा पुढे गेला नाही. मात्र दोन्ही वर्ग केवळ स्त्रियांचे होते, हे विसरू नये. हार्वर्डच्या डॉ. शेली ग्रीनफील्ड यांनी स्त्रियांसाठी बसवलेल्या वेगळ्या गटाचे निष्कर्षही मिश्र गटाच्या तोडीस तोड आले, त्याहून फार सरस नव्हे. मग वेगळ्या गटाचा उपयोग काय? उपयोग हा की, तिथे ती बोलते. जी मिश्र वर्गाच्या पायरीवरूनच परत फिरली असती, तिची या आकड्यांत कुठेच नोंद होत नाही. वेगळी खोली म्हणजे काही जादूचे औषध नव्हे. औषधापर्यंत पोचण्याचा तो जिना आहे.

शब्द बदलले

अब्राहम लिंकन यांनी १८६५ साली आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात, ज्याने लढाईचा भार सोसला त्याची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या पोरक्या मुलाची काळजी घेण्याचे अभिवचन दिले होते. तेच शब्द पुढे माजी सैनिक खात्याचे ब्रीद झाले. त्या वाक्यात स्त्री आहे, पण ती विधवा म्हणून. २०२३ च्या मार्च महिन्यात खात्याने ब्रीद बदलले. आता त्यात, ज्यांनी सैन्यात सेवा केली त्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची, अशी सर्वांना सामावणारी भाषा आहे. भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्दांचे महत्त्व थोडे अधिकच वाटते, हे मान्य. पण इथे शब्दाचा प्रश्न नुसता शब्दाचा नाही. ज्या वाक्यात आपल्याला जागा नाही, त्या वाक्याच्या पाटीखालून आत जाताना पाय अडखळतोच.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे म्हणून पान उलटू नये. आपल्या भूसेनेने वैद्यकीय व शुश्रूषा विभागांखेरीज इतर शाखांत स्त्री-अधिकारी घ्यायला सुरुवात केली ती १९९२ साली. त्यांतल्या अनेकजणी काही वर्षांची नोकरी करून बाहेर पडल्या. म्हणजे माजी सैनिक स्त्रिया आपल्यातही वावरत आहेत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कायम नेमणुकीचा मार्ग मोकळा केला. २०२२ साली पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या, आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांतल्या १७ जणींची पहिली तुकडी संचलन करून बाहेर पडली. टाळ्या वाजवताना आपल्याला अभिमान वाटला, तो योग्यच होता. या मुली कधी तरी निवृत्त होतील. त्यांतल्या एखादीला रात्री झोप लागली नाही, तर ती कुणाकडे जाईल याचा विचार आजच केलेला बरा.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने या बाबतीत वाट दाखवली आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या पुढाकाराने निघालेल्या या संस्थेत व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहेच. पुढे व्यसनाधीन स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभागही सुरू झाला. सोसणाऱ्या बाईला आणि पिणाऱ्या बाईला, दोघींनाही तिथे जागा मिळाली.

आपल्या घरांत मात्र अजून पहिलीचीच कहाणी सांगितली जाते. दुसरीची कुजबूज होते. मामेभाऊ पितो, हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलले जाते. मावशी झोपेच्या गोळ्यांशिवाय राहू शकत नाही, हे मात्र मावशीच्या नवऱ्यालाही मोठ्याने म्हणवत नाही. अमेरिकेतील या स्त्रियांच्या कहाणीतून एकच गोष्ट घ्यायची तर ती ही की, आजार लपतो तो विचारणारा कुणी नसतो म्हणून. दवाखान्यातले ते तीन प्रश्न विचारायला एक मिनिट पुरते. घरातल्या बाईलाही ते विचारता येतील. मात्र विचारण्यात विचारपूस असावी, झडती नसावी. आणि उत्तर ‘होय’ आले, तर चेहऱ्यावरचे भाव न बदलता तिच्या शेजारी बसून राहण्याची तयारी असावी.